एकाच झाडाच्या बियांतून पांढरी आणि हिरवी रोपं: हरितलवकातली जनुकं नेमकं करतात काय?

निशिगंध

माझ्याकडे दोन जिरॅनियम शेजारी शेजारी आहेत. एकाची पानं संपूर्ण हिरवी, दुसऱ्याच्या पानांना पांढरी कड. पांढऱ्या कडेच्या झाडाला यंदा बी धरलं. सहसा मी फांदीच लावते, या वेळी हौसेने बी पेरलं. अकरा बिया रुजल्या. त्यातली सात रोपं पूर्ण पांढरी, तीन हिरवी आणि एक अर्धवट: त्याच्या एका बीजपत्रावर हिरवा पट्टा, दुसरं जवळजवळ पांढरं.

पांढरी रोपं पहिले काही दिवस अगदी छान दिसत होती. दांडा गुलाबीसर, बीजपत्रं मेणासारखी, भिंगातून शिरासुद्धा दिसायच्या. हिरव्यांच्या बरोबरीने वाढतही होती. मग वाढ थांबली, बीजपत्रांच्या कडा आत वळल्या आणि तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत सातही गेली. हिरव्यांना तोवर पहिलं खरं पान आलं होतं.

वाचताना कळलं की हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो आणि असा पांढरेपणा त्यातल्या बिघाडाने येऊ शकतो. पण तिथे जनुकं फार थोडी असतात म्हणे. थोड्या जनुकांनी अख्खं प्रकाशसंश्लेषण कसं बंद पडतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं, मला खरंच समजून घ्यायचंय.

मातीचा_माणूस

लोह कमी पडलं असेल का? पानं पिवळी-पांढरी पडतात त्यात.

निशिगंध

तीच शंका मलाही आली होती. पण अकराही बिया एकाच ट्रेमध्ये, एकाच मातीत, एकाच दिवशी. आणि लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात, नवी पानं आधी फिकट होतात. इथे बीजपत्रं उमलली तीच पांढरी, शिरांसकट.

खडूफळा

छान निरीक्षण. मी जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा सुरुवात मी करतो.

पेशीतला बहुतेक डीएनए केंद्रकात असतो. हरितलवकात मात्र वेगळा डीएनए असतो, कारण हरितलवकाचा पूर्वज स्वतंत्र जगणारा नीलहरित जीवाणू होता. एका मोठ्या पेशीने त्याला पोटात घेतलं आणि तो तिथेच राहिला. त्याच्या वंशजांत त्याचा थोडा डीएनए अजून शिल्लक आहे, त्याचे रायबोसोमही (प्रथिनं बनवणारी यंत्रं) जीवाणूंच्या धाटणीचे आहेत. म्हणूनच जीवाणूंवर चालणारं स्पेक्टिनोमायसिन माध्यमात घालून बी रुजवलं तर रोपं पांढरी निघतात: हरितलवकातली प्रथिनं तयार होणं थांबतं.

हा वारसा वेगळा आहे हे डीएनए म्हणजे काय ते कळायच्या कितीतरी आधी लक्षात आलं होतं. १९०९ साली कार्ल कॉरेन्स यांनी ठिपकेदार पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग केले. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवी रोपं देई, पांढऱ्या फांदीवरचं पांढरी, ठिपकेदार फांदीवरचं तिन्ही प्रकारची. पराग कुठल्या फांदीचे घातले याने काही फरक पडत नसे. म्हणजे हा गुण आईकडून येतो, कारण हरितलवकं बीजांडातून येतात, परागातून नाही.

त्यामुळे निशिगंध, तुमचं झाड आई असेल आणि बीजांडं पांढऱ्या ऊतीतून आली असतील तर सगळी रोपं पांढरी निघायला हवी होती.

निशिगंध

सर, पण तीन हिरवी आहेत की! आणि ती आजही जिवंत आहेत, चार-चार पानांवर आलीत. मग ही कुठून आली?

पर्णरंध्र

मी हरितलवकांवरच काम करते, म्हणून न राहवून लिहितेय. निशिगंध, तुमच्या ट्रेमध्ये जे दिसतंय ते एर्विन बाउर यांनी त्याच १९०९ साली जिरॅनियममध्येच पाहिलं होतं.

सरांचा नियम बहुतेक सपुष्प वनस्पतींना लागू आहे. जिरॅनियम, म्हणजे शास्त्रीय भाषेत पेलार्गोनियम, त्याला अपवाद आहे. इथे परागातूनही हरितलवकं येतात. (पाइनमध्ये तर ती प्रामुख्याने परागातूनच येतात.)

आता पांढरी कड. वाढत्या टोकाशी पेशींचे थर असतात. आतला थर पानाचा मधला हिरवा भाग देतो, त्याच्या बाहेरचा थर कडेचा भाग देतो आणि बीजांडंही त्याच बाहेरच्या थरातून येतात. तुमच्या झाडात तो थर पांढरा आहे. म्हणजे बीजांडात सदोष लवकं. स्वतःचेच पराग मिळाले असते तर अकराही रोपं पांढरी झाली असती. शेजारच्या हिरव्या झाडाचे पराग आले, त्यांतून निरोगी हरितलवकं आली. फलित पेशीत दोन्ही प्रकार एकत्र आले, पेशी विभागत गेल्या तसे लवकांचे वाटे पडत गेले. कुठे आईकडचीच उरली, कुठे वडिलांकडचीच. तुमच्या अर्धवट रोपात ही वाटणी बीजपत्रं उमलेपर्यंत पूर्ण झालेली नव्हती, म्हणून पट्टे.

तुमच्या तीन हिरव्या रोपांची हरितलवकं वडिलांची आहेत. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी लगेच लॅबमधल्या मुलांना दाखवलं.

खडूफळा

फार सुंदर. पेलार्गोनियमचा अपवाद मी नुसता एका ओळीत सांगून पुढे जायचो. उद्यापासून नीट सांगेन.

कुतूहल२२

मूळ प्रश्न राहिला. हरितद्रव्य बनवणारी विकरं तर केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात असं वाचलंय. मग हरितलवकाचं जनुक बिघडलं तर रोप पांढरं का? हिरवा रंग तर केंद्रकाच्या ताब्यात आहे ना?

पर्णरंध्र

नेमका प्रश्न. याचं उत्तर दोन-तीन बाजूंनी द्यावं लागेल.

पहिली बाजू: सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्याची विकरं केंद्रकातून येतात हे बरोबर. पण हरितद्रव्य ज्यापासून बनतं त्याची पहिली पायरी ग्लुटामेट हे अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या एका टीआरएनएवर (प्रथिनासाठी अमिनो आम्ल आणून देणाऱ्या छोट्या आरएनएवर) घडते, आणि त्याचं जनुक हरितलवकात आहे. तेच टीआरएनए प्रथिनं बनवतानाही लागतं.

दुसरी बाजू: हरितद्रव्य मोकळं राहू शकत नाही. ते प्रथिनांच्या खोबणीत बसलेलं असतं. फोटोसिस्टिमच्या (प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनसंचाच्या) गाभ्यातली प्रथिनं हरितलवक स्वतः बनवतं. ती नसतील तर हरितद्रव्याला नीट जागा नाही, आणि मोकळ्या हरितद्रव्यावर ऊन पडलं की घातक ऑक्सिजन तयार होऊन तेच जळतं. त्यात बिघाड हरितलवकाच्या रायबोसोममध्ये असेल तर तिथलं एकही प्रथिन बनत नाही.

याच्याशी जोडलेली एक मजेची गोष्ट: पाइनची रोपं पूर्ण अंधारात रुजवली तरी हिरवी निघतात. हरितद्रव्य बनवताना एक पायरी अशी आहे की ती करणारं एक विकर प्रकाशावर चालतं आणि दुसरं प्रकाशाशिवाय. दुसऱ्याची तीन जनुकं पाइनच्या हरितलवकात शाबूत आहेत. सपुष्प वनस्पतींनी ती गमावली, म्हणून अंधारात उगवलेले कोंब पिवळट असतात आणि उजेडात आणले की हिरवे होतात. अंधारातला पिवळा कोंब आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यामागे तीन हरवलेली जनुकं आहेत.

कुतूहल२२

वा! आणि मग "थोडी जनुकं" म्हणजे किती? त्यांत काय काय आहे?

पर्णरंध्र

१९८६ साली तंबाखू आणि मार्केंशिया (बिनफुलांची एक साधी वनस्पती) या दोन वनस्पतींच्या हरितलवकांचा संपूर्ण डीएनए पहिल्यांदा वाचला गेला. तंबाखूत तो सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरांचा आहे. वनस्पतींच्या हरितलवकांत साधारण १०० ते १३० जनुकं असतात. हरितलवकाला लागणारी प्रथिनं मात्र हजारोंच्या घरात आहेत. उरलेली सगळी केंद्रकाच्या सांगण्यावरून बाहेर बनतात आणि आत आणली जातात.

या शंभर-सव्वाशेतली निम्म्याहून जास्त जनुकं घर चालवण्यासाठी आहेत: रायबोसोम, टीआरएनए, डीएनएवरून आरएनए काढणारं विकर. उरलेली बहुतेक थेट प्रकाशसंश्लेषणाची. तीही कडेकडेची नाहीत, मधलीच: दोन्ही फोटोसिस्टिमचा गाभा, त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या सायटोक्रोम संकुलाचे मुख्य भाग, एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन बनवणाऱ्या विकराचे भाग आणि रुबिस्कोचा मोठा तुकडा. कडेचे, आधाराचे, प्रकाश गोळा करणारे पुष्कळसे भाग केंद्रकाकडून येतात.

रुबिस्को हे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर. आठ मोठे आणि आठ छोटे तुकडे मिळून एक रुबिस्को होतं. मोठ्याचं जनुक, आरबीसीएल, हरितलवकात. छोट्याची जनुकं केंद्रकात. कार्बन पकडायची जागा मोठ्या तुकड्यावर आहे. छोटे तुकडे कमी पडले तर मोठ्याचं उत्पादनही हरितलवक आपणहून मंद करतं. दोन ठिकाणच्या जनुकांचा हिशेब जुळता ठेवायची ही व्यवस्था मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर तेच डोक्यात होतं.

आणखी एक आकडा. पानाच्या एका पेशीत शंभरच्या आसपास हरितलवकं आणि प्रत्येकात या डीएनएच्या अनेक प्रती. मिळून पेशीत हजारो, काही ठिकाणी दहा हजारांच्या घरात. केंद्रकातल्या जनुकाच्या साधारण दोनच प्रती असतात. म्हणून एका प्रतीतला बिघाड लगेच दिसत नाही. वाटण्या होत होत एखाद्या पेशीत सगळ्या प्रती बिघडलेल्या झाल्या की मगच पांढरा डाग उमटतो.

बांधावरून

धागा पहिल्यापासून वाचतोय. मका करतो. अॅट्राझिन मारलं की मक्याला काही होत नाही, तण मरतं. काही वर्षांनी त्यातलंच एक तण मरेना. मात्रा वाढवली तरी ते तसंच उभं. तेव्हा एका जाणत्याने सांगितलं होतं की ते औषध पानातल्या प्रकाशाच्या कामावरच घाव घालतं. त्याचा या जनुकांशी संबंध आहे का?

पर्णरंध्र

आहे, आणि अगदी जवळचा. बरं झालं विचारलंत.

फोटोसिस्टिम-२ पाणी फोडतं, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पुढे जातात. त्याच्या गाभ्यात डी-१ नावाचं प्रथिन आहे, त्याचं जनुक पीएसबीए, तेही हरितलवकातलं. डी-१ मध्ये एक खोबण आहे. तिथे प्लास्टोक्विनोन येऊन बसतं, इलेक्ट्रॉन घेतं आणि निघून जातं. अॅट्राझिन त्याच खोबणीत जाऊन बसतं. इलेक्ट्रॉनांची वाट अडते, प्रकाश मात्र पडतच राहतो, आणि पान आतून जळतं.

१९७० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेत ग्राउंडसेल नावाचं तण या औषधांना दाद देत नाही असं नोंदवलं गेलं. कारण १९८३ मध्ये राजगिऱ्याच्या गणातल्या एका तणात सापडलं: पीएसबीएमध्ये एका अक्षराचा बदल. त्यामुळे डी-१ च्या साखळीतल्या २६४ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आलं. औषध त्या खोबणीत धरून राहीना.

पण त्या एका बदलाने प्लास्टोक्विनोनचं बसणंही बिघडतं, इलेक्ट्रॉन पुढे सरकायला वेळ लागतो. म्हणून औषध न मारलेल्या शेतात ही तणं साध्या तणांपुढे बहुधा मागे पडतात. एका जनुकातलं एक अक्षर बदलल्याने प्रकाशसंश्लेषण किती बदलतं याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच.

मका वाचतो तो वेगळ्या वाटेने. त्याच्याकडे अॅट्राझिनला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू जोडून निकामी करणारी विकरं आहेत. तुमच्या शेतातलं तण या दोन्हींपैकी कुठल्या मार्गाने वाचलं ते नुसतं बघून सांगता येणार नाही, कारण काही तणं मक्यासारखीच औषध पचवायला शिकली आहेत.

बांधावरून

म्हणजे मात्रा वाढवून मी फक्त औषधच वाया घालवलं. डी-१ चा बदल असेल तर तो बियातून आईकडूनच जाणार ना? मग पराग उडून शेजारच्या शेतात गेला तरी हा गुण तिकडे जाणार नाही, बी गेलं तरच जाईल?

पर्णरंध्र

अगदी बरोबर. असा बदल मुख्यतः बियांतून पसरतो. म्हणून बी धरण्याआधी तण काढणं आणि अवजारं स्वच्छ करून पुढच्या शेतात नेणं याचा इथे फार उपयोग होतो.

कुतूहल२२

एक गोष्ट समजत नाही. इतकी जनुकं केंद्रकात गेली, मग हीच का मागे राहिली? सगळी एका जागी असती तर सोपं नव्हतं का?

खडूफळा

जनुकं हलणं आजही थांबलेलं नाही. २००३ मध्ये तंबाखूवर झालेल्या प्रयोगात सुमारे १६,००० परागांमागे एका परागात हरितलवकाच्या डीएनएचा तुकडा केंद्रकात गेलेला सापडला. म्हणजे तुकडे सतत जात असतात. तरीही पीएसबीए, आरबीसीएल यांसारखी जनुकं हिरव्या वनस्पतींत हरितलवकातच टिकून आहेत.

पर्णरंध्र

जॉन अॅलन यांनी १९९३ मध्ये मांडलेलं उत्तर मला सर्वात पटतं. इलेक्ट्रॉनांच्या वाटेवर कुठे गर्दी झाली हे फोटोसिस्टिम ज्या पातळ पटलात बसलेल्या असतात त्या पटलाजवळच कळतं. दुरुस्ती तिथल्या तिथे आणि त्याच हरितलवकात व्हायला हवी. म्हणून गाभ्याच्या प्रथिनांची जनुकं तिथेच राहिली. याच्या बाजूने पुरावाही आहे: १९९९ मध्ये मोहरीच्या रोपांवर कधी एका फोटोसिस्टिमला, कधी दुसऱ्याला सोयीचा प्रकाश टाकला, तर काही मिनिटांत गाभ्याच्या जनुकांवरून आरएनए काढण्याचा वेग बदलला. ज्या फोटोसिस्टिमचं काम मागे पडत होतं तिच्या बाजूने.

डी-१ हे प्रथिन तर सतत तुटतं. पाणी फोडायच्या जागेशेजारी असल्याने प्रखर उन्हात ते तासाभराच्या आतच निकामी होऊ शकतं. तुटलेलं काढून नवं बसवायचं काम दिवसभर चालू असतं. ही दुरुस्ती मागे पडली की पान उन्हात असूनही प्रकाशसंश्लेषण खाली येतं. दुपारच्या उन्हात मला पान स्वस्थ बसलेलं वाटतच नाही. आत किती धावपळ चालली आहे ते डोळ्यांसमोर येतं.

पण अॅलन यांच्या मांडणीने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये अरॅबिडॉप्सिस (प्रयोगांत नेहमी वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप), तंबाखू आणि भात या तिघांत पीएसबीएची एक जादा प्रत केंद्रकात घातली गेली, उष्णता वाढली की चालू होईल अशी. बाहेर बनलेलं डी-१ आत पोचलं, रोपांची उष्णता सोसायची ताकद वाढली आणि वाढही जास्त झाली. म्हणजे ते जनुक केंद्रकात अजिबात चालणारच नाही असं नाही.

मातीचा_माणूस

मग रुबिस्कोही सुधारता येईल का? ते फार मंद आहे असं ऐकलंय.

पर्णरंध्र

मंद आहेच. वनस्पतींचं रुबिस्को सेकंदाला तीनच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पकडतं, आणि साधारण तीन-चार वेळा कार्बन पकडला की एकदा चुकून ऑक्सिजन पकडतं. त्यात आधी बांधलेला कार्बन थोडा परत जातो. म्हणूनच पान इतकं रुबिस्को साठवून ठेवतं. विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत तेच असतं.

तंबाखूच्या हरितलवकात जनुक घालण्याचं तंत्र १९९० मध्ये जमलं. सोन्याचे किंवा टंगस्टनचे अगदी बारीक कण डीएनएने माखून पानावर मारतात. मग अनेकदा नव्याने रोप वाढवून सगळ्या प्रती बदललेल्या उरेपर्यंत थांबावं लागतं. मी स्वतः ते केलंय. स्पेक्टिनोमायसिनच्या माध्यमावर पानाचे तुकडे फिके पडत जातात आणि आठवड्यांनी एखाद्या कडेला हिरवा ठिपका दिसतो. तो ठिपका शोधायला मी रोज सकाळी सगळ्यात आधी लॅबमध्ये जायचे.

२०१४ मध्ये तंबाखूचं आरबीसीएल काढून नीलहरित जीवाणूचं वेगवान रुबिस्को बसवलं गेलं. रोपं वाढली, पण नेहमीच्या हवेत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत. त्या जीवाणूकडे रुबिस्कोभोवती कार्बन साठवायची सोय असते, ती तंबाखूत नव्हती. माझं मत: नुसतं जनुक बदलून भागणार नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं जमवावं लागेल.

खडूफळा

जमवण्यावरून बेलाडोना आणि तंबाखूचं उदाहरण सांगा ना, मुलांना फार आवडतं.

पर्णरंध्र

हो, ते राहिलंच. बेलाडोना ही तंबाखूच्याच कुळातली वनस्पती. बेलाडोनाचं केंद्रक आणि तंबाखूची हरितलवकं अशी पेशी तयार केली तर रोप पांढरं निघतं. उलटी जोडी, तंबाखूचं केंद्रक आणि बेलाडोनाची हरितलवकं, हिरवी निघते. दोन्ही झाडं आपापल्या जागी निरोगी! कारण २००५ मध्ये उलगडलं. हरितलवकात आरएनए बनल्यावर त्यातली काही अक्षरं दुरुस्त केली जातात आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं केंद्रकाकडून येतात. तंबाखूच्या एटीपीच्या विकरातल्या एका जनुकाला अशी दुरुस्ती लागते, बेलाडोनाला ती तिथे लागत नाही, म्हणून बेलाडोनाच्या केंद्रकाला ती करता येत नाही. एक अक्षर दुरुस्त न झाल्याने अख्खं रोप पांढरं.

कुतूहल२२

मग अमरवेलीसारख्या परजीवी वेलींचं काय? त्यांना प्रकाशसंश्लेषणाची गरज नाही, तर ही जनुकं जात असतील?

पर्णरंध्र

जातात. एपिफॅगस नावाची बीच वृक्षाच्या मुळांवर जगणारी परजीवी वनस्पती आहे. तिच्या लवकाचा डीएनए १९९२ मध्ये वाचला गेला: सुमारे ७० हजार अक्षरं, म्हणजे तंबाखूच्या निम्म्याहून कमी. प्रकाशसंश्लेषणाची जनुकं सगळी गेलेली. पण वर सांगितलेलं ग्लुटामेटचं टीआरएनए तिने ठेवलंय, कारण त्यातून हरितद्रव्यच नाही, हीमही (श्वसनाच्या प्रथिनांना लागणारा लोहयुक्त घटक) बनतं. अमरवेलीत जातीजातींत फरक आहे, काही जातींत आरबीसीएल अजून शाबूत आहे.

निशिगंध

दोन दिवस सगळे प्रतिसाद परत परत वाचले. पांढरी रोपं तेराव्या दिवशी का गेली ते आता नीट कळलं. बियातला साठा होता तोवर ती हिरव्यांसारखीच वाढत होती.

अर्धवट रोपाची बातमी: चौथं पान पूर्ण हिरवं आलंय, पण त्याच्या बगलेतला कोंब पांढरा आहे. भिंगातून पाहिलं, एकही हिरवा ठिपका नाही. तो मी काढणार नाही, हिरव्या पानांच्या जोरावर किती वाढतो ते बघायचंय.

आणि आता उलटं करून बघणार आहे. हिरव्या झाडाची फुलं उमलण्याआधी पुंकेसर काढून घ्यायचे, कागदी पिशवी बांधायची आणि पांढऱ्या कडेच्या झाडाचे पराग कुंचल्याने लावायचे. पर्णरंध्र, तुम्ही म्हणता तसं असेल तर हिरव्या आईलाही काही पांढरी रोपं व्हायला हवीत ना? किती बिया पेराव्यात म्हणजे खात्री होईल?

पर्णरंध्र

व्हायला हवीत, पण जिरॅनियममध्ये दोन्ही बाजूंचं प्रमाण झाडागणिक बदलतं, त्यामुळे हिरवी जास्त निघू शकतात. पन्नास तरी बिया धरा. पुंकेसर कळी पक्की बंद असतानाच काढा, परागकोश फार लवकर फुटतात. रोपं बीजपत्रं उमलल्या दिवशीच मोजा, नंतर पांढरी मेली की मोजणी चुकते. आणि पट्टे असलेली वेगळी लिहा, मला ती सगळ्यात आधी बघायची आहेत.